गॉलच्या कोटात मुक्काम करायचाय? खोली बुक करण्याआधी हे वाचा

आमचे आजोबा मुंबईच्या फोर्टला शेवटपर्यंत ‘कोट’च म्हणत. तो कोट १८६० च्या दशकात पाडला गेला आणि नुसतं नाव उरलं. श्रीलंकेतल्या गॉलचा कोट मात्र तटबंदीसकट उभा आहे आणि त्याच्या आत आजही लोक राहतात. पोर्तुगीजांनी १६ व्या शतकाच्या अखेरीस इथे पहिली तटबंदी उभारली. १६४० मध्ये डचांनी ती जिंकून पुढे सगळ्या भूशिराला तट घातला. १७९६ मध्ये इंग्रज आले. १९८८ पासून हा कोट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्याकडे किल्ला म्हटला की पायथ्याच्या गावात राहायचं, सकाळी चढायचं, दुपारी उतरायचं. इथे ते गणित चालत नाही. किल्ल्यातच गाव आहे: शाळा, मशीद, चर्च, बौद्ध विहार, वकिलांची ऑफिसं, पोरांचं क्रिकेट, दोरीवर वाळणारे कपडे. राहायच्या जागा म्हणजे बहुतेक याच गावातली जुनी घरं. त्यामुळे नेहमीचं हॉटेल बुक करताना आपण जे बघतो (स्टार किती, फोटो कसे, नाश्ता आहे का) त्यावर इथे भागत नाही.

मी तिथे तीन वेळा राहिले. पहिल्यांदा चुकीच्या जागी, दुसऱ्यांदा बरोबर जागी पण चुकीच्या खोलीत. तिसऱ्यांदा जमलं. तुमचं पहिल्याच फेरीत जमावं म्हणून हे लिहिते आहे.

१. आत राहायचं की बाहेर, हे सगळ्यात आधी ठरवा

बुकिंगच्या साइटवर ‘गॉल फोर्ट’ टाकलंत की भराभर जागा दिसायला लागतात. त्यातल्या कितीतरी कोटाच्या बाहेर असतात, काही तर चार-पाच किलोमीटरवर. जाहिरातीत लिहिलेलं असतं ‘फोर्टपासून ५ मिनिटे’. खोटं नसतं ते. रिक्षाने, रात्री, रस्ता मोकळा असताना पाचच मिनिटं लागतात! पहिल्या खेपेला मी अशाच एका ठिकाणी अडकले. माणसं भली होती, समोर समुद्र होता, पण संध्याकाळ झाली की परतीची रिक्षा शोधायची घाई.

आणि इथे संध्याकाळच तर हवी असते. सकाळी दहा-अकराच्या सुमारास कोलंबोहून आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांमधून बस भरभरून लोक येतात. ऊन, गर्दी, दुकानांची बोलावणी. सूर्य बुडाला की हे सगळे परत जातात. मग गल्ल्यांत राहतात ती तिथली माणसं आणि मुक्कामाला असलेले तुमच्यासारखे पाहुणे. ही दोन-तीन तासांची शांतता हवी असेल तर एक रात्र का होईना, तटाच्या आत काढा.

जागा आत आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण सांगते. नकाशा उघडा. कोट जिभेसारखा समुद्रात शिरलेला दिसतो आणि त्याच्या मुळाशी क्रिकेटचं मैदान आहे. हॉटेलची खूण मैदानाच्या दक्षिणेला, तटाच्या आत पडली पाहिजे. पत्त्यात चर्च स्ट्रीट, पेडलर स्ट्रीट, लाइटहाऊस स्ट्रीट, लेन बान स्ट्रीट, हॉस्पिटल स्ट्रीट, मिडल स्ट्रीट, रॅम्पार्ट स्ट्रीट यांपैकी एखादं नाव असेल तर निर्धास्त राहा. उनावटुना, दडल्ला, मागल्ल असं काही दिसलं तर जागा बाहेर आहे.

बाहेर राहण्यात काही गैर नाही. लहान मुलं असतील आणि त्यांना रोज समुद्रात डुंबायचं असेल तर उनावटुनाच बरं. कोटात किनारा म्हणाल तर दीपस्तंभाखाली वाळूची एक छोटीशी पट्टी आहे, तेवढीच. वास्तुकलेची आवड असणाऱ्यांनी दडल्लाला श्रीलंकेचे वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी १९९० च्या दशकात उभारलेलं मोठं हॉटेल बघावं. खाडीपलीकडे क्लोझेनबर्ग म्हणून एका बोटकंपनीच्या कप्तानाचं १९ व्या शतकातलं घर आहे, तेही आता हॉटेल आहे. माझा सल्ला विचाराल तर दोन रात्री आत आणि मग हव्या तितक्या किनाऱ्यावर. उलटं करू नका. किनाऱ्याची सवय झाली की कोटातल्या घरांमध्ये कोंडल्यासारखं वाटतं.

२. तारखा धरताना कालनिर्णय शेजारी ठेवा

डिसेंबर ते मार्च हा कोरडा, चांगला काळ. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस, आपल्याकडच्यासारखाच, आणि समुद्र खवळलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही धो-धो पडतो, हे बरेच जण विसरतात. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच येते. पावसात जाऊ नका असं मी म्हणणार नाही. दर बरेच उतरतात आणि ओला तट फार देखणा दिसतो. पण मग खोलीला बुरशीचा वास येतो का, हे आधीच्या पाहुण्यांच्या अभिप्रायांत नीट वाचा.

कालनिर्णय कशाला, तर पौर्णिमेसाठी. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूविक्री बंद असते, हॉटेलातसुद्धा. तुम्हाला त्याचं सोयरसुतक नसलं तरी सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला की कोलंबोची मंडळी गॉलला लोटतात आणि चांगल्या खोल्या आधीच जातात. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. तेव्हा दुकानं बंद आणि गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा सगळ्यात महाग.

कसोटी सामना असेल तर? क्रिकेटवेडे असाल तर मुद्दाम त्याच तारखा धरा. तटावरून मैदान समोर दिसतं. मुरलीधरनने २०१० मध्ये आपल्या प्रज्ञान ओझाला बाद करून ८०० वा बळी घेतला तो इथेच. क्रिकेटशी घेणंदेणं नसेल तर ते पाच दिवस टाळा.

३. कागदपत्रं आणि सामान

- पासपोर्ट, प्रवासाच्या तारखेपासून किमान सहा महिने वैध.
- ईटीए, म्हणजे श्रीलंकेचा ऑनलाइन प्रवेश परवाना. नियम आणि शुल्क गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, म्हणून मित्राने काय भरलं ते विचारत बसू नका, सरकारी साइटच बघा. तिच्या पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट एलके’ असतं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खासगी साइटी वर जाहिरातीत येतात आणि त्याच कामाचे जास्त पैसे घेतात.
- परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, दोन्ही कागदावर छापून. फोनची बॅटरी इमिग्रेशनच्या रांगेतच संपते, हा सृष्टीचा नियम आहे.
- प्रवास विमा.
- चार्जरसाठी अडॅप्टर. आपली गोल पिनांची प्लग काही घरांत चालते, काहींत चौकोनी तीन पिनांची लागते. एकाच घरात दोन्ही प्रकारचे सॉकेट मी पाहिले आहेत.
- डासांचं मलम. डेंग्यू तिथेही आहे.
- पाठीवरची सॅक किंवा छोटी बॅग. मोठी चाकांची बॅग का नको, ते पुढच्या मुद्द्यात कळेल.

घड्याळ बदलायचं नाही, त्यांची वेळ आपलीच आहे.

४. घरमालकाला विचारायचे प्रश्न

हा मुद्दा नीट वाचा, बाकीचे वरवर वाचलेत तरी चालतील.

कोटातली घरं डचांच्या आणि इंग्रजांच्या काळातली. जाड भिंती, पुढे खांबांची ओसरी, मध्ये चौक, मागे खोल्या. वाड्यात वाढलेल्या माणसाला ओळखीची वाटावीत अशी. वारसा म्हणून जपलेला भाग असल्यामुळे वाटेल तशी तोडफोड करता येत नाही, मजले चढवता येत नाहीत. मग मालक काय करतो? आहे त्याच घरात खोल्या पाडतो. माळ्यावर एक, चौकाकडे एक, जिन्याखाली न्हाणीघर. फोटोत खोली सुंदरच दिसते. तिथवर जायचं कसं, ते फोटोत नसतं.

दुसऱ्या खेपेला मी आईला घेऊन गेले. तिचं वय ७२, गुडघे नावापुरते. फोटोतला लाकडी पलंग आणि मच्छरदाणी बघून मी खोली घेतली. प्रत्यक्षात खोली वरच्या मजल्यावर, जिना बोटीतल्यासारखा उभा, कठडा एकाच बाजूला. आई चढली, पण उतरताना बसून, एकेक पायरी सरकत उतरली. दोन दिवस तिने सकाळचा चहा खोलीतच मागवला. चूक घराची नव्हती. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून बुक करण्याआधी संदेश पाठवून हे विचारा. उत्तर लेखी घ्या:

- खोली तळमजल्यावर आहे की वर? जिना असेल तर त्याचा फोटो पाठवाल का? (चांगले मालक लगेच पाठवतात. जो टाळतो त्याचा जिना वाईट असतो.)
- न्हाणीघर खोलीला लागून आहे की चौक ओलांडून? उंबरा किती उंच?
- खिडकी कुठे उघडते? काही खोल्यांना खिडकीच नसते, वर काच असते. काहींची खिडकी चौकात उघडते, म्हणजे सकाळी सहाला भांड्यांचा आवाज.
- एसी दरात धरला आहे की वेगळा? वीज गेली तर जनरेटर आहे का?
- गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी?
- शेजारी काय आहे? पेडलर स्ट्रीट आणि चर्च स्ट्रीटवर खाण्यापिण्याची ठिकाणं आहेत, रात्री दहापर्यंत गजबज असते. दीपस्तंभाजवळ मशीद आहे, पहाटेची अजान ऐकू येते. मला ती आवडली, समुद्राच्या आवाजात मिसळून येते. झोप हलकी असणाऱ्यांनी दोन गल्ल्या आत घर बघावं.
- गाडी दारापर्यंत येते का? गल्ल्या अरुंद आहेत, भाड्याची गाडी घेऊन जाणार असाल तर ती उभी कुठे करायची हे आधी विचारा.

गल्ली निवडता आली तर माझी पसंती लेन बान स्ट्रीट. हे नाव डचांच्या दोरखंड वळायच्या जागेवरून आलं आहे. बंदराला लागणारे दोर वळायला लांब, सरळ पट्टा लागतो. गल्ली अजूनही तशीच सरळसोट आहे आणि त्या मानाने शांत. रॅम्पार्ट स्ट्रीटवरून समुद्र दिसतो, पण वारा आणि खारा दमट वास घरात शिरतो. रत्नागिरी-मालवणकडच्यांना त्याचं काही वाटणार नाही.

५. दर वाचायची युक्ती

पर्यटकांच्या हॉटेलांचे दर बहुधा डॉलरमध्ये असतात. आकड्यापुढे अधिकची दोन चिन्हं दिसली, तोंडी ‘प्लस प्लस’ म्हणतात, तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर कर लागणार हे समजा. २०२४ पासून व्हॅट १८ टक्के आहे. म्हणजे १०० डॉलरची खोली पाहता पाहता १३० च्या घरात जाते. हेच रेस्टॉरंटमध्ये होतं. मेनूकार्डाच्या तळाची बारीक ओळ वाचा. म्हणून ‘सगळं धरून किती?’ हा एकच प्रश्न विचारा आणि आकडा संदेशात लिहून मागा.

ढोबळ मानाने तीन प्रकार. घरातच दोन-तीन खोल्या देणारी गेस्ट हाऊस, सगळ्यात स्वस्त, आणि नाश्ता घरच्या आजींच्या हातचा. मग डागडुजी करून सजवलेली छोटी हॉटेलं, तिप्पट-चौपट दराची. आणि वर अमनगल्लासारखं, ज्याची इमारत १७ व्या शतकातली आणि जिथे १८६० च्या दशकापासून ‘न्यू ओरिएंटल’ नावाचं हॉटेल चालत होतं. तिथल्या एका रात्रीच्या पैशात मी आठवडा काढते. पण दुपारचा चहा घ्यायला तिथल्या व्हरांड्यात जरूर बसा.

श्रीलंकेचा रुपया वेगळा आहे. भाव ऐकून दचकू नका, साधारण साडेतीनने भागा. २०२४ पासून काही ठिकाणी यूपीआयने पैसे देता येतात, पण छोट्या गेस्ट हाऊसला आणि रिक्षाला रोकडच लागते.

६. पोचायचं कसं

मुंबईहून कोलंबोला थेट विमानं आहेत. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला कटुनायकेला, आणि गॉल दक्षिणेला. म्हणजे मधलं अख्खं शहर ओलांडायचं. टॅक्सीने एक्स्प्रेसवेवरून अडीच-तीन तास धरा. रात्री उशिरा उतरणार असाल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढा, हट्ट करू नका. कोटातली छोटी घरं रात्री एक वाजता दार उघडायला जागी नसतात.

हाताशी वेळ असेल तर रेल्वेनेच जा. आता सापळा नीट ऐका: कोलंबोच्या मुख्य स्टेशनचं नाव ‘फोर्ट’ आहे. गॉलच्या किल्ल्यालाही सगळे ‘फोर्ट’च म्हणतात. रिक्षावाल्याला, हॉटेलवाल्याला, तिकीट खिडकीवर नुसतं ‘फोर्ट’ म्हणालात तर गोंधळ ठरलेला. आणि ‘गॉल’ हा इंग्रजी उच्चार झाला, तिथले लोक ‘गाल्ल’ म्हणतात. बसचा कंडक्टर तेच ओरडतो, म्हणून कानाला सवय करून ठेवा.

गाडीला अडीच-तीन तास लागतात. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा, रूळ बराच वेळ समुद्राला खेटून जातात. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावरची गाडी मात्र टाळा. विरार लोकलची आठवण येईल, समुद्र दिसणार नाही. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिया लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत इथे एक भरलेली गाडी लाटेखाली गेली आणि हजाराहून अधिक माणसं दगावली. रुळांजवळ स्मारक आहे. त्या दिवशी गॉलचं नवं शहर आणि स्टेडियम उद्ध्वस्त झालं, कोटातलं गाव मात्र त्या जुन्या तटामुळे पुष्कळ अंशी वाचलं.

बसने जायचं तर कोलंबोच्या बाहेर मकुंबुऱ्याहून एक्स्प्रेसवेच्या बस सुटतात, जेमतेम सव्वा-दीड तासात पोचवतात. समुद्र दिसत नाही, पण पोटातलं पाणी हलत नाही.

गॉल स्टेशनवर उतरलात की कोट चालत दहा मिनिटांवर. स्टेशनबाहेरचे रिक्षावाले तो फार लांब असल्याचं सांगतील. सामान जास्त असेल तर उबर किंवा तिथलं पिकमी ॲप वापरा, भाव आधी कळतो.

७. पहिल्या संध्याकाळी

चेक-इन करा, तोंड धुवा आणि पाचच्या आधी तटावर चढा. तिकीट नाही. सगळा फेरा तास-दीड तासाचा. रेंगाळत बसाल तर सूर्य निसटेल: विषुववृत्त जवळ असल्याने तो वर्षभर सहा-साडेसहाच्या दरम्यानच बुडतो आणि अंधार झटकन पडतो. मावळतीला फ्लॅग रॉकवर, म्हणजे कोटाच्या दक्षिण टोकाच्या बुरुजावर, गर्दी होते. मी त्याऐवजी पश्चिमेच्या तटावर, गवतात बसते.

जमिनीकडच्या बाजूला तीन बुरूज आहेत: सूर्य, चंद्र आणि तारा. आत यायचं मुख्य दार इंग्रजांनी १८७३ मध्ये फोडलं. जुनं दार बंदराकडे आहे. त्याच्या बाहेरच्या अंगाला इंग्रजांचं राजचिन्ह, आतल्या अंगाला डच कंपनीचं, १६६९ सालचं, त्यावर कोंबडा. पोर्तुगीज भाषेत कोंबड्याला ‘गालो’ म्हणतात, त्यावरून गावाचं नाव पडलं अशी कथा सांगतात. सिंहली माणूस यावर हसतो आणि आपल्या भाषेतले दोन-तीन वेगळेच अर्थ ऐकवतो.

दीपस्तंभ १९३९ चा. समोरची मशीद पहिल्या नजरेला चर्चच वाटते. आसपासची वस्ती मुसलमानांची, तेव्हा खालच्या वाळूवर पोहून आलात तर गल्लीत शिरण्यापूर्वी अंगावर काही घाला. घरमालक बोलणार नाहीत, पण त्यांना ते रुचत नाही.

खाडीपलीकडे हिरवी टेकडी दिसते, ती रुमस्सल. हनुमान द्रोणागिरी घेऊन जाताना त्याचा तुकडा इथे पडला असं तिथले लोक सांगतात, आणि ‘उनावटुना’ हे नावही ‘पडला’ या अर्थाच्या सिंहली शब्दावरून आल्याचं म्हणतात. उरणकरांनी भांडायला हरकत नाही, आपल्या द्रोणागिरीची कथाही तीच!

८. खाणं, आणि शाकाहाऱ्यांसाठी धोक्याची सूचना

आधी एक गंमत. श्रीलंकेत साध्या खानावळीच्या पाटीवरही ‘हॉटेल’ लिहिलेलं असतं. आपल्याला हे नवीन नाही, आपणही ‘हॉटेलात मिसळ खाल्ली’ म्हणतो. पण रिक्षावाल्याला ‘स्वस्त हॉटेल’ सांगितलंत तर तो तुम्हाला भात-करीसमोर नेऊन उभा करेल. राहायला जागा हवी असेल तर ‘गेस्ट हाऊस’ म्हणा.

कोकणी माणसाला इथे परकं वाटत नाही. नाश्त्याला तांदळाच्या शेवयांच्या चकत्या मिळतात, म्हणजे आपल्या शिरवाळ्याच, फक्त रसाऐवजी डाळ आणि कालवणाशी खायच्या. आप्पे नव्हे, आप्पं. वाटीसारखं कुरकुरीत, मध्ये अंडं. गोडाला म्हशीचं मडक्यातलं दही आणि त्यावर माडासारख्या कितुल झाडाचा काकवीसारखा पाक.

आता सूचना. पोल संबोल दिसायला आपली ओल्या खोबऱ्याची लाल चटणी. पण तीत बहुतेक वेळा उंबलकडा, म्हणजे सुकवलेल्या मासळीचा चुरा असतो. भाजीतही असू शकतो. ‘व्हेज आहे का’ विचारलं तर ‘हो’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी तो मसाला. म्हणून ‘मास एपा, माळु एपा, उंबलकडा एपा’ असं तिन्ही म्हणा. मांस नको, मासे नको, सुकी मासळी नको. हे घरमालकाला आदल्या रात्री सांगा, सकाळी नाही; संबोल पहाटेच वाटून ठेवलेली असते.

नळाचं पाणी पिऊ नका.

९. गोड बोलणारे

कोटात भीती वाटावी असं काही नाही. मी रात्री एकटी फिरले आहे. पण काही नमुने ठरलेले आहेत. ‘आजच रत्नांचं प्रदर्शन आहे, शेवटचा दिवस’ असं सांगून रिक्षावाला दुकानात नेतो; तो शेवटचा दिवस रोज असतो. फ्लॅग रॉकवरून समुद्रात उडी मारून दाखवणारी पोरं नंतर पैसे मागतात. बघणार असाल तर आधीच ठरवा, नाहीतर पुढे चला. ‘तुमचं हॉटेल बंद झालंय, मी दुसरं दाखवतो’ हे ऐकलंत तर तिथेच उभं राहून मालकाला फोन लावा. रत्नं घ्यायचीच असतील तर हौसेपुरती, गुंतवणूक म्हणून नको.

बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. याबाबतीत तिथे खरोखर कडक आहेत.

१०. निघायच्या दिवशी

चेक-आउट दहा-अकराला असतं आणि सोयीची गाडी बऱ्याचदा दुपारी. सामान ठेवू द्याल का, हे आदल्या दिवशी विचारा, बहुतेक घरं हो म्हणतात. सकाळी सहाला उठून तटाचा एक फेरा मारा. त्या वेळी तिथली माणसं व्यायामाला येतात आणि पर्यटक एकही नसतो. बिल रात्रीच मागून ठेवा, म्हणजे ‘प्लस प्लस’ वरून सकाळी वाद नको.

बंदर म्हणून गॉलचा मान कोलंबोला लाटा अडवणारा बंधारा बांधला गेल्यावर गेला. पण त्याआधी ते किती मोठं होतं याचा एक शिलालेख बघायचा असेल तर तो कोटात शोधू नका. चीनचा दर्यासारंग झेंग ह याने आणवलेला, १४०९ ची तारीख असलेला, चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांतला तो दगड १९११ मध्ये गॉलला सापडला आणि आता कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. परतीच्या विमानाआधी तीन-चार तास असतील तर तिथे जाऊन या.

आणि हो, परतीच्या गाडीत खिडकी डाव्या हाताची धरा.